रोजनिशीच्या कोपऱ्यातलं चित्र : नवशिक्यांसाठी सोप्या रेघा



तिसरी-चौथीच्या मुलांना रोजनिशी लिहायला सांगितली की पहिल्या आठवड्यात सगळ्या वह्यांमध्ये जवळपास एकच मजकूर सापडतो. मी सकाळी उठलो. दात घासले. शाळेत गेलो. जेवलो. झोपलो. वर्गातल्या सगळ्या वह्या तपासून होतात, पण एकाही मुलाचं घर त्यात दिसत नाही. मग आपण शेरा देतो, 'अजून लिही.' मूल आणखी एक ओळ वाढवतं : मी अभ्यास केला.

आपल्या कोरपना भागात याला आणखी एक कारण आहे. एकाच वर्गात घरी मराठी बोलणारी, गोंडी बोलणारी, कोलामी बोलणारी आणि तेलंगणाची सीमा जवळ असल्यामुळे तेलुगू बोलणारी मुलं बसतात. त्यांच्याजवळ सांगायला भरपूर असतं. बैल हरवला होता, आजी रात्रभर खोकली, मोहाखाली अस्वल येऊन गेलं. पण पुस्तकी मराठी शब्द सापडेपर्यंत सांगायची गोष्टच निसटते आणि वहीत 'दात घासले' एवढंच उरतं.

म्हणून रोजनिशीत शब्दाच्या आधी चित्राला जागा द्यावी, असं माझं मत आहे. चित्र म्हणजे मोठं, रंगवलेलं, भिंतीवर लावायचं नव्हे. वहीच्या कोपऱ्यात, समासात, तारखेच्या शेजारी काढलेलं अंगठ्याएवढं चित्र. इंग्रजीत याला डूडल म्हणतात. आपण म्हणतो 'काय गिरगटत बसलास!' तेच गिरगटणं थोडं हाताला वळण लावून करायचं. पालकांनी आणि शिक्षकांनीही स्वतःसाठी करून बघावं, कारण 'मला चित्रकला येत नाही' हे वाक्य मुलांपेक्षा आपल्याच तोंडी जास्त असतं.

आधी सामानाबद्दल, म्हणजे तो विषय संपेल. मोबाईलवर 'जर्नल सजावट' शोधलं की रंगीत चिकटपट्ट्या, महागडे पेन, गुळगुळीत जाड कागदाच्या वह्या दिसतात. त्यातलं काहीही लागत नाही. गंमत म्हणजे ज्या बुलेट जर्नलच्या नावाने ही सजावट चालते, ती पद्धत रायडर कॅरोल या अमेरिकी डिझायनरने २०१३ मध्ये लोकांसमोर मांडली तेव्हा ती अगदी साधी होती. ठिपके, रेघा, छोट्या नोंदी आणि एक पेन. फुलं-पानं नंतर लोकांनी लावली. आपल्याला साधी वही, बॉलपेन आणि पेन्सिल पुरे. स्केचपेन मात्र टाळा. शाळेच्या वहीचा कागद पातळ असतो, शाई मागच्या पानावर उमटते आणि दुसऱ्या दिवशीचं लिहिणं खराब होतं. रंग हवाच असेल तर फाल्गुनात पळसाची फुलं कोमट पाण्यात भिजवून तो पिवळा-केशरी रंग कापसाच्या बोळ्याने हलका लावता येतो. पान थोडं आक्रसतं, पण मुलांना त्याचं काही वाटत नाही.

हात कुठून सुरू करायचा?

पाच खुणा आल्या की झालं. ठिपका, सरळ रेघ, अर्धगोल, गोल आणि त्रिकोण. पहिले दोन-तीन दिवस फक्त याच खुणांच्या ओळी भरायच्या. समासाच्या बाजूने वरून खाली एक ठिपका, एक रेघ, एक ठिपका, एक रेघ. एवढ्यानेही पानाला काठ येतो, आणि ज्या मुलाचा हात अजून जड आहे त्याला 'मी केलं' असं म्हणता येतं.

मग अर्धगोल घ्या. अर्धगोलांची एक ओळ काढा. तिच्याखाली दुसरी ओळ अशी काढा की प्रत्येक अर्धगोल वरच्या दोन अर्धगोलांच्या मधोमध येईल. तीन ओळी झाल्या की मुलं आपणहून ओरडतात, 'मॅडम, कवेलू!' आपल्याकडची कवेलूची घरं आता स्लॅबमध्ये बदलत चालली आहेत, पण मुलांच्या डोळ्यांत ते छप्पर अजून आहे. याच अर्धगोलांना उलटं केलं की माशाचे खवले, मध्ये ठिपका दिला की मोराचं पीस. एकाच खुणेतून तीन चित्रं निघतात, हे मुलांना स्वतः सापडू द्या. आपण आधी सांगितलं तर मजा जाते.

पळसाचं पान नवशिक्याला फार सोयीचं. पळसाला पानं तीनच, म्हणजे मोजायचंही काम नाही. एक देठ, त्याच्या टोकाला एक पान आणि खाली दोन बाजूंना दोन. प्रत्येक पान म्हणजे समोरासमोर आलेले दोन बाक आणि मधली शीर. कापसाचं बोंड याहून सोपं. चार गोलसर फुगे एकमेकांना चिकटवून काढा, खाली तीन टोकदार रेघा, मग देठ. पऱ्हाटी वेचायला आईबरोबर गेलेलं मूल हे चित्र काढताना थांबून सांगतं की टोकं बोटांना टोचतात. तिथेच त्याला म्हणायचं, 'हेच लिही की खाली.' 'बोंडाची टोके बोटाला टोचतात.' दात घासण्यापेक्षा हे वाक्य कितीतरी चांगलं आहे, आणि ते चित्रामुळे आलं.

बैलाचं तोंड उलट्या त्रिकोणातून निघतं. वर दोन वाकड्या रेघा शिंगांच्या, बाजूला दोन पानं कानांची, दोन ठिपके डोळ्यांचे. पोळ्याच्या आठवड्यात झूल काढायला लावा. झूल म्हणजे एक चौकोन आणि त्यात ठिपके, त्रिकोण, गोल हवे तसे भरायचे. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ज्याने सजवला आहे त्या मुलाला नक्षी कशी असते हे शिकवावं लागत नाही. बंडीचं चाक म्हणजे गोलात गोल आणि आऱ्या. सिमेंटच्या ट्रकला सहा-आठ चाकं काढतात, आणि ती मोजून काढतात, कारण रस्त्यावरून जाताना त्यांनी ती खरोखर मोजलेली असतात.

माणूस काढायला मुलं घाबरतात. तिथे वारली चित्रांची मदत घ्या. टोकाला टोक लागलेले दोन त्रिकोण म्हणजे धड, वर छोटा गोल म्हणजे डोकं, बाकी काड्या. एवढ्या आकारांत नाचणारा, पेरणारा, झाडावर चढणारा कुठलाही माणूस उभा राहतो. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढणं हे वारली समाजात पूर्वी सवाशिणींचं काम होतं. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं लग्नविधीच्या बाहेर आणली, रोजच्या जगण्याचे प्रसंग त्यात काढले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वर्गातला एखादा मुलगा 'रांगोळी-फिंगोळी पोरींचं काम' म्हणाला की मी मशे यांच्याबद्दल सांगते.

रांगोळीचा विषय निघालाच आहे तर सांगते, ठिपक्यांची रांगोळी हा डूडलचा सर्वांत चांगला पाठ आहे आणि तो घरात आयता उपलब्ध आहे. चौकटीच्या वहीत तीन गुणिले तीन ठिपक्यांपासून सुरू करा, मग पाच गुणिले पाच. ठिपके जोडून आणि ठिपक्यांना वळसा घालून, अशा दोन तऱ्हा आहेत. वळसा घालण्याची तऱ्हा आपल्याकडच्या तेलुगू घरांत संक्रांतीच्या दिवसांत अंगणात दिसते, ते तिला मुग्गू म्हणतात. ज्या मुलीला मराठी वाचनात मागे म्हणून आपण बाजूला बसवतो, ती या तासाला सगळ्या वर्गाची बाई होते. सममिती शिकवायला वेगळा तक्ता आणावा लागत नाही, हा शिक्षकांचा फायदा.

इथे एक सावधगिरी. गोंड चित्रशैली आता पुस्तकांत, भिंतींवर सगळीकडे दिसते. प्राण्याचं शरीर बारीक ठिपक्यांनी, रेघांनी भरून काढण्याची ती रीत मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम यांच्यापासून जगभर गेली. 'बाहेरची रेघ काढ आणि आत एकाच खुणेने भर' हा धडा म्हणून ती मुलांना जरूर दाखवा. पण वर्गातल्या गोंड मुलाला 'तू तर गोंड, तुला हे आलंच पाहिजे' असं म्हणू नका. त्याला ट्रॅक्टर काढायचा असेल तर ट्रॅक्टर काढू द्या.

खाडाखोड झाली तर?

मूल चुकलं की पान फाडतं. वहीच्या मधली पानं सैल होऊन गळतात आणि रोजनिशी बारीक होत जाते, हे तुम्हीही पाहिलं असेल. त्यासाठी रवींद्रनाथ टागोरांची गोष्ट उपयोगी पडते. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द ते रेघांनी एकमेकांना जोडत. १९२४ च्या सुमाराला 'पूरबी'च्या कवितांच्या वहीत त्या खाडाखोडीतून चोची, शेपट्या, विचित्र प्राणी बाहेर आले. तेव्हा ते साठीच्या पुढे होते. त्यातूनच ते पुढे चित्रकलेकडे वळले आणि १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पॅरिसला भरलं. हे सांगून झालं की मुलांना एक नियम द्यायचा : चुकलेला शब्द खोडायचा नाही, त्याचा प्राणी करायचा. लांब शब्द चुकला तर साप, छोटा चुकला तर मुंगळा. पानं फाडणं बरंच कमी होतं. (काही मुलं मग मुद्दाम चुकतात. चालायचंच.)

तारखेजवळचं चित्र हे रोजचं काम ठेवा. तारीख लिहिली की शेजारी आजच्या हवेची खूण. ऊन, ढग, पाऊस, वारा, धुकं. खुणा वर्गाने मिळून ठरवायच्या. उन्हाळ्यात एका मुलाने सूर्याला दुपट्टा बांधला होता, ती खूण मग सगळ्यांनी घेतली. महिना संपला की मागची पानं उलटून पावसाच्या खुणा मोजायच्या आणि चित्रालेख काढायचा. गणित आणि परिसर अभ्यास दोन्हीचा तास त्यात निघून जातो, आणि माहिती पुस्तकातली नसून आपल्या गावची असते.

आता तपासण्याबद्दल, कारण इथेच सगळं बिघडू शकतं. चित्रावर लाल पेन चालवायचा नाही. 'छान' आणि तारे सुद्धा नकोत. तारा मिळाला की दुसऱ्या दिवशी पंचवीस वह्यांत तेच फूल येतं. त्याऐवजी एक प्रश्न विचारा, 'यात काय चाललंय?' मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत त्याला खाली लिहू द्या, लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा आणि त्याला वाचायला लावा. एका मुलीने झाडावर पक्षी काढून खाली 'पिट्टा' लिहिलं होतं. तेलुगूत पिट्टा म्हणजे पक्षी. ते खोडायचं काही कारण नाही. शेजारी 'पक्षी' लिहिलं की तिला दोन शब्द झाले आणि शेजारच्या मुलालाही.

'मले नाही जमत' म्हणणाऱ्याला नमुना देऊन 'बघून काढ' म्हणू नका. फळ्यावरचं कमळ बघून काढलेलं चित्र फळ्याचं असतं, मुलाचं नसतं. त्याला अर्धी सुरुवात द्या. पानावर पाच ठिपके टाका आणि म्हणा, 'याचं काहीतरी कर.' बहुतेक मुलं रिकाम्या पानाला घाबरतात, ठिपक्यांना नाही.

काही पालक विचारतात की अशाने अभ्यासातलं लक्ष उडणार नाही का? इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांचा एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. ४० जणांना एक कंटाळवाणा टेलिफोन निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे छापील आकार पेन्सिलीने भरायला दिले. नंतर विचारलं तेव्हा त्यांना इतरांपेक्षा २९ टक्के जास्त आठवलं. पण ती मोठी माणसं होती, संख्या थोडी होती आणि आकार आयते होते. तेवढ्यावरून गणिताच्या तासाला मुलांना गिरगटू द्या असं मी म्हणणार नाही. रोजनिशीला शेवटची पंधरा मिनिटं पुरेत. शनिवारी दप्तराविना शाळा असेल तर थोडी जास्त.

घरच्यांसाठी एकच काम आहे. वही रात्री समोर उघडून बसा आणि मुलाला पान वाचून दाखवायला सांगा. आपल्याकडे अनेक आयांना, आज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे मुलाची वही त्यांच्यासाठी बंदच असते. चित्र असलेली वही तशी बंद राहत नाही. पालक सभेला प्रगतिपुस्तकांच्या शेजारी या वह्याही बाकावर उघड्या ठेवा. आमच्याकडे एका मुलीची आजी सभेला आली होती. आधी दुरूनच बघत होती. मग नातीच्या पानावरच्या रांगोळीवर बोट ठेवून म्हणाली, 'एक टिपका कमी टाकला वं तुनं इथं,' आणि पेन मागून घेतला.