पहिली रायफल घेताना

लेकरा, जुन्या फौजी रायफलींचा नाद तुला लागला, याचा मला आनंद आहे. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आज राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक 12 आहे. या भागाला हत्यार नवं नाही. पण कनेरगाव नाक्यावरून पैसे घेऊन निघण्याआधी एवढं ऐक: 2019 च्या दुरुस्तीपासून परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. पहिली चुकली तर निम्मा संग्रह गेला.

थ्री-नॉट-थ्री मनातून काढ. ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. कोणी "कागद मागाहून करू" म्हणालं, तर चहाही न घेता ऊठ. तुझ्यासाठी .315 आहे. फौजेची काडतुसं खासगी बंदुकांत चालू नयेत म्हणून इंग्रजांनी .303 लोकांना बंद केली, आणि ही वेगळ्या मापाची रायफल रुजली. इशापूरच्या कारखान्यातल्या .315 ची घडण थ्री-नॉट-थ्रीच्या ली-एनफिल्डचीच, फक्त मॅगझिनमध्ये दहाऐवजी पाच राउंड. बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जोर लागतो, कारण स्प्रिंग तिथं चढते. माउझर 98 मध्ये तो जोर मूठ उचलताना लागतो. दोन्ही एकदा हातात घेऊन बघ, फरक आयुष्यभर विसरणार नाहीस.

फौजेतून निघालेलीच चीज हवी असेल, तर दुरुस्त करूनही उडणार नाही अशी निकामी घे. शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये तशा जुन्या हत्याराला सूट आहे. पण ते खरंच निकामी आहे, हे आधी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी घे. विकणाऱ्याच्या तोंडच्या हमीवर जाऊ नकोस. 'डीपी' शिक्का म्हणजे ड्रिलची रायफल. ती कवायतीला ठीक, पण तिच्यातून राउंड सोडायचा नसतो.

आता बघायचं कसं? पॉलिश बघू नकोस. पॉलिश काल केलेलं असतं, आणि घासताना शिक्के अर्धे पुसलेले असतात. आधी बोल्टच्या मुठीवरचा नंबर वाच, मग बॉडीवरचा. दोन्ही एक हवेत. कोतात, म्हणजे शस्त्रागारात, शंभर रायफली साफ व्हायला उघडल्या की बोल्ट अदलाबदल होतात, आणि दुसरीचा बोल्ट बसला म्हणून तो जुळला असं नव्हे. ली-एनफिल्डच्या बोल्टचे अडकवे मागच्या बाजूला असतात. ते झिजले की काडतुसाचं बूड नीट दाबून धरलं जात नाही, पितळ फाटतं आणि गरम वायू डोळ्याकडे येतो. म्हणून नंबर वेगळा दिसला, तर आर्मररकडून गेज लावून घेतल्याशिवाय एकही राउंड नको. स्वस्त मिळते म्हणून मन पाघळू देऊ नकोस.

मग बोल्ट काढ आणि उजेडाकडे धरून नळी बघ. आटे कडेपर्यंत धारदार हवेत. तोंडाशी एका बाजूला घळ दिसली, तर कुणीतरी नळी साफ करायची पुलथ्रूची दोरी वर्षानुवर्षं तिरकी ओढली आहे. तो दोष तेलाने जात नाही. आत खड्डे असतील, तर गोळीबारानंतर नुसतं तेल फिरवलेलं असणार. जुन्या फौजी काडतुसांच्या टोपीतला क्षार पाण्यातच विरघळतो. आम्ही आधी उकळतं पाणी ओतायचो, मग कोरडी चिंदी, मग तेलाची. जुनी काडतुसं हाती आली तर बूड वाच. 'के एफ' म्हणजे खडकीचा कारखाना.

लाकूड शेवटी बघ. मॅगझिनच्या पुढे आडवा स्क्रू दिसला तर दचकू नकोस, इशापूरवाले लाकूड फाटू नये म्हणून तो मुद्दाम घालत. स्क्रूच्या खाचा मात्र चघळलेल्या नकोत. तिथं अडाणी हात फिरलेला असतो.

दुसऱ्या परवानाधारकाकडून घेत असशील, तर त्याने आधी लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं, असा कायदा आहे. तेवढ्यात अजून दोन रायफली बघून ये. आणि घरी आणलीस की चामड्याच्या खोळीत ठेवू नकोस, आपल्याकडच्या पावसाळ्यात खोळ ओल धरते. तेलाचा हलका हात देऊन कुलपात उभी ठेव, बोल्ट दुसऱ्या कपाटात, आणि त्याची किल्ली तुझ्याकडेच.