मुक्या रुग्णाचे निदान : पाळीव प्राणी आणि सीटी स्कॅन

आजारी माणूस आपली व्यथा डॉक्टरांना सांगू शकतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते आणि किती दुखते, या प्रश्नांच्या उत्तरांतून निदानाची दिशा मिळते. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत हा मार्ग बंद असतो. शिवाय वेदना लपविणे हा मांजराचा स्वभावधर्मच आहे. साहजिकच पशुवैद्यकाला आपली नजर, हात आणि उपकरणे यांवरच विसंबून राहावे लागते. या उपकरणांमध्ये सीटी स्कॅनला, म्हणजेच संगणकाच्या साहाय्याने केल्या जाणाऱ्या क्ष-किरण छेदचित्रणाला, आता महत्त्वाचे स्थान प्राप्त झाले आहे.

सावलीकडून छेदाकडे

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. साधे क्ष-किरण छायाचित्र ही वस्तुतः एक सावली असते. शरीरातील पुढच्या-मागच्या सर्व भागांच्या सावल्या त्यात एकमेकींवर पडतात. त्यामुळे कुत्र्याच्या नाकातील कागदासारखी पातळ हाडे किंवा कवटीच्या आतील भाग त्यात स्पष्ट दिसत नाहीत.

ही अडचण ब्रिटिश अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी दूर केली. त्यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील विम्बल्डन येथील रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्रण झाले. त्यापूर्वीच्या प्रयोगांत त्यांनी कत्तलखान्यातून आणलेले बैलांचे ताजे मेंदू वापरले होते. या कार्याबद्दल त्यांना व अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या यंत्रात क्ष-किरणांची नळी प्राण्याभोवती फिरते आणि समोरच्या बाजूचे शोधक शरीरातून पार झालेले किरण मोजतात. या असंख्य मोजमापांवरून संगणक प्रत्येक बिंदूची घनता ठरवितो. या मोजपट्टीवर पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १००० आणि घट्ट हाडाचा शून्याच्या वर कित्येक शेकडे असतो. काकडीच्या चकत्या कराव्यात तसे शरीराचे पातळ छेद पडद्यावर दिसतात. तेच छेद एकत्र जुळवून अवयवाची त्रिमितीय प्रतिमाही तयार करता येते.

उपयोग कोठे होतो?

डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या व लांब पाठीच्या कुत्र्यांत मणक्यांमधील गादी लवकर कठीण होते. ती फुटून मज्जारज्जूवर दाब आला की मागचे पाय लुळे पडतात. गादी कोणत्या मणक्यापाशी आणि कोणत्या बाजूला सरकली आहे, हे छेदचित्रात बहुधा दिसते व शल्यचिकित्सकाला नेमकी जागा कळते. पायाच्या बोटांतील वेदनेची जाणीवही नाहीशी झाली असेल, तर एकेक तास मोलाचा ठरतो.

उंचावरून पडलेल्या मांजराच्या जबड्याचे व कमरेच्या हाडांचे बारीक अस्थिभंग, लॅब्राडॉर कुत्र्याच्या कोपराच्या सांध्यातील सुटलेला हाडाचा तुकडा, मध्यकर्णातील जंतुसंसर्ग, सशाच्या दातांच्या मुळांशी झालेले गळू, नाकातील गाठी, यकृताला वळसा घालून जाणारी सदोष रक्तवाहिनी अशा विकारांतही हे तंत्र उपयुक्त आहे. हाडाच्या कर्करोगामुळे पाय काढण्याचा विचार चालू असेल, तर रोग फुप्फुसात पसरला आहे काय, हे आधी पाहणे अगत्याचे असते. साध्या छायाचित्रात निसटून जाणाऱ्या काही मिलिमीटरच्या गाठीही छेदचित्रात आढळतात. एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय अशा माहितीवरच घेता येतो.

मर्यादा आणि दक्षता

प्रत्यक्ष चित्रण काही सेकंदांत आटोपते; परंतु प्राणी तेवढा वेळही स्थिर राहत नाही आणि हालचालीमुळे चित्र अस्पष्ट होते. म्हणून त्याला बहुधा भूल किंवा गुंगीचे औषध द्यावे लागते. त्यापूर्वी रक्ततपासणी करतात आणि डॉक्टरांच्या सूचनेनुसार प्राण्याला उपाशी ठेवावे लागते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या श्वासोच्छ्वासावर विशेष लक्ष ठेवावे लागते. रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त द्रव शिरेतून देतात. तेव्हा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो आधीच सांगणे आवश्यक असते. अपघातग्रस्त प्राण्याचा श्वास व रक्ताभिसरण सावरणे हे पहिले काम होय, चित्रण त्यानंतरचे.

प्रत्येक आजाराला हे चित्रण लागत नाही. साध्या अस्थिभंगाला क्ष-किरण छायाचित्र आणि पोटाच्या अनेक तक्रारींना सोनोग्राफी पुरेशी ठरते. मेंदू व मज्जारज्जू यांच्या मऊ ऊतींसाठी एमआरआय सरस आहे. गाठ कोठे व केवढी आहे हे सीटी स्कॅन दाखविते. ती कोणत्या प्रकारची आहे हे मात्र तिचा तुकडा तपासल्यावरच निश्चित होते.

मुंबईत महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या टाटा ट्रस्ट्सच्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयात ही सोय आहे. तथापि, यंत्र कोठे रोखावे हे पशुवैद्यकाच्या तपासणीवरून आणि पालकाने दिलेल्या माहितीवरून ठरते. प्राणी कोणत्या दिवसापासून लंगडतो, कोणत्या बाजूने खाण्याचे टाळतो, नाकाच्या कोणत्या पुडीतून स्राव येतो, याची घरच्यांनी नोंद ठेवावी. चालण्यातील बदल मोबाइलवर चित्रित करून ठेवावा. मुक्या रुग्णाच्या वतीने बोलणारे घरचे माणूसच असते. त्याने वेळेवर दिलेली नेमकी माहिती निदानाचा अर्धा मार्ग सुकर करते.