खिडकीतला युतुख आणि अकरा रुपयांचा भोपळा

आजचा शास्त्रपाठ: प्रेषितांची कृत्ये 20:7-12



उपदेश चालू असताना कधी डुलकी लागली आहे का? खरं सांगा, देवाला माहीतच आहे.

आजच्या पाठातला युतुख आपल्यातलाच. त्रोवस गावी आठवड्याच्या पहिल्या दिवशी माडीवर मंडळी जमली होती. पुष्कळ दिवे लागलेले, पौलाचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत लांबलेलं. खिडकीत बसलेला हा पोरगा पेंगला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. उपदेशक कोण, तर साक्षात पौल! तेव्हा आपल्या पाळकसाहेबांनी फार मनाला लावून घेऊ नये.

हा पाठ वाचला की नगर जिल्ह्यातलं माझ्या लहानपणचं चर्च आठवतं. पुरुष एकीकडे, बाया दुसरीकडे, आम्ही पोरं पुढे सतरंजीवर. मागे आजी. कोणी पेंगलं की तिच्या छत्रीचं टोक बरोबर बरगडीत! एकदा मी असाच दचकून उठलो आणि मोठ्यानं 'आमेन' म्हणालो. पाळकसाहेब तेव्हा प्रार्थना करत नव्हते. चर्चचं छप्पर गळतंय, एवढंच सांगत होते.

पण खरी फजिती झाली कापणीच्या सणाला. लोकांनी अर्पण केलेली बाजरी, अंडी, कोंबड्या, भाजीपाला यांचा भक्तीनंतर लिलाव व्हायचा आणि पैसे मंडळीच्या कामाला जायचे. मी असेन दहा वर्षांचा. भिंतीला टेकून झोपलो होतो. जाग आली तसे दोन्ही हात वर करून झकास आळस दिला. तेवढ्यात ऐकू आलं, "अकरा रुपये एकवार, दोनवार, तीनवार!" आणि हा भला मोठा भोपळा माझ्या मांडीवर! खिशात दहा पैसे, तेही अर्पणातले वाचवलेले. अख्खं चर्च हसत होतं. माझे कान तापले. मनात म्हटलं, आता मेलो तरी इथे पाऊल टाकणार नाही.

तेव्हा पंचांपैकी एक आजोबा उठले. आम्ही पोरं ज्यांना सगळ्यात जास्त घाबरायचो, तेच. त्यांनी गुपचूप अकरा रुपये भरले आणि माझ्याशेजारी सतरंजीवर येऊन बसले. म्हणाले, "भोपळा आईला दे. आणि पुढच्या रविवारी माझ्याजवळ बस. मलाही झोप येते."

मग मी वर्षानुवर्षं त्यांच्याजवळच बसलो. त्यांना खरंच झोप यायची!

पुढे नोकरीसाठी पुण्याला आलो. तीन वर्षं चर्चचं तोंड पाहिलं नाही. कोणाशी भांडण नव्हतं, नुसता सरकत सरकत खिडकीपर्यंत गेलो होतो. एका नाताळाला गावी गेलो, तर आजोबा थकलेले, काठी टेकत आलेले. कुठे होतास, का आला नाहीस, काही विचारलं नाही. बाकावर सरकून जागा केली आणि कानात म्हणाले, "भोपळा आणलास का?"

मी हसलो आणि डोळे भरून आले.

आपल्या नगरला हे असं हसणं नवीन नाही. 1895 मध्ये ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, 1900 मध्ये लक्ष्मीबाई. मधली वर्षं त्या घराला फार जड गेली. तरी 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण पोट धरून हसतो, कारण लक्ष्मीबाई सगळ्यात जास्त स्वतःलाच हसतात. जो स्वतःला हसतो, त्याच्याजवळ पडलेल्याला बसायला भीती वाटत नाही.

पुन्हा पाठाकडे पाहा. त्या रात्री पौल काय बोलला, ते लूकनं लिहून ठेवलेलं नाही. पण तो बोलणं थांबवून खाली गेला आणि त्यानं पोराला कवटाळलं, हे मात्र लिहिलं. का झोपलास, असं कुणी विचारल्याचं त्यात नाही. मग भाकर मोडली, पहाटेपर्यंत गोष्टी झाल्या आणि पोरगा जिवंत घरी गेला.

आजचा विचार: तुमच्या ओळखीचं कोण हळूहळू खिडकीकडे सरकतंय? आज त्याला उपदेश पाठवू नका. फोन करा आणि रविवारी शेजारी जागा धरा.

प्रार्थना: हे प्रभू, आम्ही पेंगलो तरी तू जागा असतोस. पडलेल्यासाठी जिना उतरायला आम्हांला शिकव. येशूच्या नावानं, आमेन. (या वेळी योग्य जागी!)