शाल-श्रीफळाआधी सेवापुस्तक

चि. नंदन यास,


संस्थेचा सचिव झालास, बरं वाटलं. पाच सप्टेंबरला शिक्षकांचा सत्कार करायचा म्हणतोस. जरूर कर. पण त्याआधी ऑफिसातलं लोखंडी कपाट उघड आणि प्रत्येकाचं सेवापुस्तक स्वतः चाळ.

मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या सेवापुस्तकात एका वेतनवाढीची नोंद होती, पण तिच्याखाली सही नव्हती. ती सही करायची होती ते मुख्याध्यापक तोवर वारले होते. त्या एका सहीपायी पेन्शनचं प्रकरण त्रुटी लागून परत आलं. आठ महिने हेलपाटे घातले. निरोपसमारंभाची शाल तोवर कपाटात घडीसुद्धा न मोडता पडून होती.

प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन 2023 मध्ये 6,000 चं 16,000 झालं. पण परगावाहून आलेल्या पोराची खोलीभाडं भरताना अजून ओढाताणच होते. शालार्थ प्रणालीवरचं पगाराचं बिल आपल्या आळसानं एक दिवसही अडकू देऊ नकोस.

शिक्षणसेवकाची परिवीक्षेची तीन वर्षं ही नुसती वाट पाहण्याची नव्हेत. जुन्या बाईंना त्याच्या वर्गात बसव, त्यालाही त्यांच्या वर्गात बसू दे. काय जमलं, काय नाही, ते त्याच आठवड्यात सांग. खाजगी शाळांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतही परिवीक्षेतल्या कामाचं मूल्यमापन करून नोंद ठेवायला सांगितलंय. तीन वर्षं गप्प बसून शेवटी ‘जमत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे, आणि शाळा न्यायाधिकरणात तो टिकतही नाही.

आणखी एक. शिक्षकाचा मोकळा तास दिसला की बदली तास टाकायची आपल्याकडे खोडच आहे. शिक्षणहक्क कायद्यातल्या आठवड्याच्या 45 तासांत पाठाची तयारीही धरलेली आहे, हे वेळापत्रक करणाऱ्याला सांग. वह्या घरी नेऊन रात्री अकराला तपासणारी बाई सकाळी पहिल्या तासाला किती फुलणार?

कुणी तक्रार घेऊन आलं तर आधी खुर्ची दे, मग नियम सांग. बाळंतपणाची रजा मागणारीला उपकार केल्यासारखं वागवू नकोस. ती तिच्या हक्काची आहे.

या सोमवारी पहिलं सेवापुस्तक शिपायाचं काढ. तो बिचारा विचारायलाही येणार नाही.

तुझी,
आत्या