चुंबक न चिकटणारे पोलाद

पोलाद लालबुंद तापवून पाण्यात बुडवले की कडक होते, पण ठिसूळही होते, असे आपण मुलांना सांगतो. मीही वर्षानुवर्षे तेवढेच शिकवले. एकदा एका मुलाने खडी क्रशरच्या जबड्याचा तुटका तुकडा वर्गात आणला. त्याचे वडील तिथे कामाला. चुंबक काही चिकटेना. "हे पोलाद नाहीच," असे सांगून मी मोकळा झालो. चूक माझीच होती!

ते मँगनीज पोलाद. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी 1882 मध्ये शोधलेले. मँगनीज सुमारे 12 ते 13 टक्के, कार्बन 1.2 टक्क्यांच्या आसपास. साच्यात ओतून सावकाश थंड झालेला ओतीव तुकडा ठिसूळ असतो, कारण कार्बाइड कणांच्या सीमांवर जमते. सुमारे 1050 अंश सेल्सिअसला तापवले की ते विरघळते आणि लगेच पाण्यात बुडवले की परत बाहेर पडायला त्याला वेळच मिळत नाही. म्हणजे इथे पाण्याने पोलाद चिवट होते, नेहमीच्या अगदी उलट! मँगनीजमुळे ऑस्टेनाइट ही रचना थंड झाल्यावरही टिकते, आणि तिला चुंबक ओढत नाही.

गंमत पुढे आहे. हे पोलाद सुरुवातीला तसे मऊच. दगडांचे घाव बसतात तसतसा वरचा थर कडक होतो, आतला गाभा चिवटच राहतो. रेल्वे क्रॉसिंगलाही म्हणूनच ते वापरतात. नुसती वाळू घासणार असेल तिथे मात्र फारसे उपयोगाचे नाही.

दुसऱ्या दिवशी तोच तुकडा मागवून घेतला, "काल मी चुकलो" म्हटले आणि धडा पुन्हा घेतला.