पाचट पेटवू नका, वावरातच मुरवा
(सभासदांसाठी शेती-पाठ)



उसाची तोड झाली, गाडी कारखान्याकडे निघाली, की वावरात काय उरते? बुडखे उरतात आणि गुडघाभर पाचट उरते. पुढे बहुतेक कास्तकार काय करतात ते सांगायला नको. सांज झाली की धुऱ्यावरून काडी लावायची, अर्ध्या तासात वावर मोकळे! काम उरकले असे वाटते. पण त्या अर्ध्या तासात आपले किती गेले, त्याचा हिशोब या पाठात मांडू या.

कारखाना काय करतो ते आधी पाहा

१०० टन ऊस गाळला की सुमारे २८ ते ३० टन बगॅस निघतो, ४ टनांच्या आसपास मळी आणि ३ ते ४ टन प्रेसमड निघतो. यातले फेकून काय देतात? बगॅसवर बॉयलर चालतो, मळीपासून अल्कोहोल होते, प्रेसमडचे खत होते. कारखान्याने चिपाड उकिरड्यावर टाकून बॉयलरसाठी कोळसा विकत आणला, तर वार्षिक सभेत आपणच उभे राहून जाब विचारू. मग आपल्या वावरात आपण तेच करतो, त्याचा जाब कोणी विचारायचा?

पाचटाचा हिशोब

एका एकरात साधारण ३ ते ४ टन वाळले पाचट निघते. आपण ३ टनच धरू. पाचटात नत्र शेकडा ०.४ च्या आसपास आणि पालाश शेकडा ०.७ ते १ असते. म्हणजे एकरी सुमारे १२ किलो नत्र आणि २१ ते ३० किलो पालाश. खताच्या भाषेत बोलायचे तर अर्धे पोते युरिया आणि जवळजवळ एक पोते म्युरेट ऑफ पोटॅश. याशिवाय सुमारे एक टन सेंद्रिय कर्ब, जो कोणत्याच दुकानात पोत्याने मिळत नाही.

काडी लावली की नत्र आणि कर्ब जवळजवळ सगळा धुरात जातो. पालाश राखेत उरतो खरा, पण आपल्याकडची उन्हाळी वावटळ ती राख कोणाच्या वावरात नेईल याचा नेम नाही. जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू मरतात, बुडख्यांचे डोळे भाजतात. आणि वारा फिरला तर शेजाऱ्याची पऱ्हाटी, कडब्याची गंजी, गोठा यांवर संकट. पिढ्यांचे शेजारसंबंध एका काडीने तुटतात.

वर्ध्याला हा धडा नवा नाही

१९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, त्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांनी उभे केले. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत असताना जवळच्या सिंदी गावात मीराबेन, महादेवभाई आणि सहकारी बादल्या-फावडी घेऊन सफाईला जात. घाण मातीआड केली की तिचे खत होते, हे त्यांना गावाला दाखवायचे होते. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राची माती आणि राख यांचे थर देऊन सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसवली होती. १९३१ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि गांधीजींनी तिचा प्रचार केला.

बाहेरच्या जगातही वारे त्याच दिशेचे आहे. ब्राझीलच्या साव पावलो राज्याने ऊस पेटवून तोडण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा कायदा २००२ मध्ये केला.

खोडव्यात पाचट कसे मुरवावे?

१) तोड झाल्याबरोबर पाचट सरीत दाबून बसवावे. बुडख्यांवर पडलेले बाजूला घ्यावे.

२) बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावे. जमिनीतल्या डोळ्यांतून जोमदार फुटवे येतात. खोडवा चांगला फुटतो तो छाटणीने, पेटवण्याने नव्हे.

३) पाचटावर दर टनी ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. ३ टनांना २४ किलो, ३० किलो आणि ३ किलो. जिवाणू चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकावे.

४) मग पाणी द्यावे आणि ओल असताना पाचट पायाने तुडवावे. मातीला चिकटले तरच ते कुजते.

५) पुढची खते वरून फेकू नयेत. बुडख्यापासून थोडे दूर पहारीने भोक पाडून द्यावीत व भोक बुजवावे.

युरिया कशाला, असे काही जण विचारतात. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे. ते कुजवणारे जिवाणू आपली नत्राची भूक जमिनीतून भागवतात, आणि तेवढे दिवस पीक पिवळे दिसते. म्हणून जिवाणूंचा वाटा आधीच द्यायचा. पाचट कुजले की तो पिकाला परत मिळतो.

काही रास्त शंका

"पाचटात उंदीर, साप राहतात." कोरड्या, फुगलेल्या पाचटात राहतात. तुडवून ओले केलेल्या पाचटात आसरा कमी होतो. तरी कामाला जाताना पायात बूट असावा.

"आमची जमीन भारी काळी, पाणी साचते." खरे आहे. अशा वावरात पावसाळ्यापूर्वी निचऱ्याचा चर काढलाच पाहिजे. पाचट असो वा नसो, त्याला पर्याय नाही.

"मजुरी लागते." लागते. पण पाचट झाकलेल्या सरीत तण कमी येते, एखाद-दुसरी निंदणी वाचते. वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात ओल टिकते आणि पाण्याची पाळी लांबते. विहीर तळाला गेली असता एक पाळी वाचणे म्हणजे काय, हे वर्ध्याच्या कास्तकाराला शिकवायला नको.

घरचा उकिरडा

हाच नियम घरी लावा. उघड्या उकिरड्याऐवजी सावलीत खड्डा करा. शेण, काडीकचरा, राख, माती असे थर द्या आणि ओल राखा. न्हाणीचे पाणी परसातल्या झाडाला वळवा. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र खड्ड्यात नकोत आणि चुलीतही नकोत. औषधाचे रिकामे डबे तीनदा धुवावे, ते पाणी फवाऱ्यातच ओतावे, आणि डब्याला भोक पाडावे. असा डबा पाण्या-धान्यासाठी कधीही वापरू नये.

गटसभेत चर्चेसाठी

१. आपल्या गटात यंदा किती एकर पाचट पेटले? त्यात किती पोती खत गेले?
२. जिवाणू खत गटाने एकत्र मागवता येईल काय?
३. पहिल्या वर्षी प्रत्येकाने निदान अर्धा एकर पाचट ठेवून शेजारच्या पेटवलेल्या अर्ध्या एकराशी उतारा ताडून पाहावा. तोडीच्या वेळी वजनकाट्याची पावती जपून ठेवावी आणि पुढच्या सभेत दोन्ही आकडे मांडावेत.