देवळाची बाग : उत्सर्ग आणि पाळी

देवाला वाहावयाचे फूल बाजारातून विकत आणावे लागते, याचे आता कोणालाच नवल वाटत नाही. आपल्या डिचोली तालुक्यात कितीतरी देवळांच्या मागे अथवा तळीच्या काठी एक मोकळा तुकडा असतो. जुनी माणसे त्याला अजून बागच म्हणतात. प्रत्यक्षात तेथे रानमोडी माजलेली, पाटात माती भरलेली आणि एका कोपऱ्यात एखादा म्हातारा बकुळ कसाबसा उभा, असे दृश्य दिसते. त्या तुकड्याचा उद्धार गावच्या हातांनी कसा करावा, याचा विचार आम्ही या पाठात करणार आहोत.

पूर्तधर्म म्हणजे काय?

आपल्या शास्त्रकारांनी धर्मकृत्यांचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग केले. यज्ञयागादी कर्म ते इष्ट. विहीर खणणे, तळे बांधणे, देऊळ उभारणे, अन्नदान करणे आणि बाग लावणे हे पूर्त. बागेला संस्कृतात ‘आराम’ म्हणतात. देवालयाच्या जोडीला आरामाची गणना झाली, यावरूनच बागेची योग्यता ध्यानात यावी.

पूर्तकर्माचा शेवट ‘उत्सर्ग’ या विधीने होतो. उत्सर्ग म्हणजे सोडणे. ज्याने तळे खणले किंवा बाग लावली, त्याने त्यावरील आपली मालकी सोडून ती सर्वांसाठी मोकळी करावयाची. त्यानंतर त्या पाण्यावर आणि त्या सावलीवर वाटसरूचा जेवढा हक्क, तेवढाच लावणाऱ्याचा. सार्वजनिक बागेची याहून नेमकी व्याख्या आम्हांस ठाऊक नाही.

परंतु येथेच एक घोटाळा होतो. मालकी सोडली म्हणजे काळजीही सुटली, असा अर्थ माणसे सोयीने करून घेतात. जे सर्वांचे, ते कोणाचेच नव्हे, अशी गत होते. आपल्या देवळांच्या बागा ओस पडल्या त्या बहुतांशी याच घोटाळ्यापायी. म्हणून या पाठाचे सूत्र आम्ही आरंभीच सांगून ठेवतो : मालकी सोडावी, पाळी सोडू नये.

आपल्याकडील जुनी रीत

पाळी हा शब्द आपल्याला नवा नाही. कुळागर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. डोंगराच्या कुशीतील झरीचे पाणी पाटाने खाली येते. उंच माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, मधून केळी आणि जमिनीलगत अननस, अशी एकावर एक मांडणी असते. या साऱ्यांना एकाच पाटाचे पाणी पुरते, ते पाळीने दिल्यामुळे. वरच्या कुळागराने आपली पाळी संपताच पाट खाली मोकळा करावयाचा, हा तेथील दंडक. पाट साफ करण्याचे कामही वाटून घेतलेले असे.

देवराईची रीत याहून वेगळी. तेथे काही करावयाचे नसून, करावयाचे टाळावयाचे असते. देवाच्या रायीतील फांदी तोडू नये, एवढ्या एका नेमाने पिढ्यान्‌पिढ्या रान राखले गेले. सत्तरीतील बांबर गावची निरंकाराची राय याचे उत्तम उदाहरण होय. तेथे जंगली जायफळाच्या कुळातील, चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढणारी झाडे आहेत. अशी दलदलीची राने फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात केला, तेव्हा श्रद्धेने राखलेल्या या रानांचे मोल विद्वानांच्या ध्यानी आले. आपल्याच तालुक्यातील सुर्ला गावची पुर्वतळी राय, जिच्यात प्रचंड वडाचा विस्तार आहे, ती २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गोव्यातील पहिले वारसास्थळ ठरली. डिचोलीकरांनी याचा अभिमान अवश्य बाळगावा.

मात्र देऊळबागेला देवराईचा नेम पुरत नाही. राय राखावी लागते, बाग जोपासावी लागते. हात न लावल्याने राय वाढते आणि त्याच कारणाने बाग मरते. पडीक बागेकडे बोट दाखवून ‘देवाचे आहे, असू द्या’ म्हणणारे सज्जन हा भेद विसरतात.

बाग ओस का पडली?

कारणे प्रामाणिकपणे पाहिली पाहिजेत. खाणींच्या काळात गावचे हात तिकडे वळले आणि कित्येक ठिकाणी खाणीचा गाळ पाटांत व शेतांत उतरला. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा गाळ मात्र जेथल्या तेथे राहिला. नळ आला आणि तळीकडे जाणारी पायवाट बुजली. मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी पणजीकडे, म्हापशाकडे गेली. यांत दोष कोणा एकाचा नाही. पण या बदलाबरोबर पाळीची नवी मांडणी कोणी केली नाही, हा दोष आपणा सर्वांचा आहे.

त्याची किंमत चतुर्थीला कळते. गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधावयाची ती रानाच्या व बागेच्या फळांनी : नारळ, सुपारीची शिपटी, केळीचा घड, तोरिंगण, आंबाडे, कवंडळ, हरणे, कांगला, घागऱ्या, माट्टीची फळे. यांतील माट्टी तर गोव्याचा राज्यवृक्ष. डिचोलीचा माटोळीचा बाजार प्रसिद्ध आहे आणि रानातून डोकीवर ओझे आणणाऱ्या बायांचा त्यावर संसार चालतो, तो चालावाच. परंतु रान आटत चालले, घाईने वेली मुळासकट उपटल्या जाऊ लागल्या, तर पुढच्या पिढीची माटोळी कशाने भरणार? घरातील लहान मूल माटोळीकडे बोट दाखवून फळाचे नाव विचारते आणि वडिलांना ते सांगता येत नाही, असे घडू लागले आहे. देऊळबागेत ही झाडे व वेली लावल्या, तर बी टिकेल आणि नावेही टिकतील.

आरंभ कसा करावा?

प्रथम जागा कोणाची ते पाहावे. आपल्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या देवस्थान नियमनाप्रमाणे महाजनांच्या समितीकडे असतो. समितीची लेखी संमती घेतल्यावाचून कुदळ मारू नये. तोंडी होकारावर लावलेले झाड पुढे वादाचे मूळ होते.

चैत्र-वैशाखात पाहणी करून खड्डे खणावे. आपली भूमी जांभ्याची. वरचे कवच पहारेने फोडल्याशिवाय मूळ खाली जात नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेऊन त्यात पालापाचोळा व शेणखत मिसळलेली माती भरावी. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडले की रोपे लावावी. बकुळ, सोनचाफा, सुरंगी, बेल, आवळा, आंबाडा, भिरंड ही झाडे. कडेने जास्वंद व अबोली. कुंपणावर माटोळीच्या वेली. पाहुण्या झाडांच्या मागे लागू नये.

रानमोडी पावसाळ्यातच, माती मऊ असताना, मुळासकट उपटावी. ती मार्गशीर्ष-पौषात फुलते आणि तिचे बी वाऱ्यावर उडून सर्वत्र पसरते. म्हणून दिवाळीनंतर तिला बागेत जागा उरता कामा नये. उपटलेली रानमोडी जाळू नये. ती कुजवून झाडाच्या आळ्यात घालावी. वाळल्यावर ती भडकन पेट घेते, म्हणून बागेभोवती फाल्गुनापूर्वी एक हातभर रुंद पट्टा स्वच्छ करून ठेवावा.

खरी कसोटी

लावणीच्या दिवशी माणसांची उणीव कधीच भासत नाही. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० साली वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर पावसाळ्यात देशभर रोपे लावली जातात. लावलेली किती जगली, हे विचारणारे थोडे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे आठ महिने कोरडे. जांभा पाणी धरून ठेवीत नाही. तेव्हा रोपाचे आयुष्य आषाढात ठरत नाही, ते माघ-फाल्गुनात ठरते.

यासाठी थोडे गणित करावे. साठ रोपे लावली आणि प्रत्येकास आठवड्यातून दोनदा दहा लिटरची एक कळशी पाणी दिले, तर आठवड्यास १२० कळशा होतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत सुमारे ३२ आठवडे, म्हणजे ३,८४० कळशा. एका उत्साही माणसाची पाठ यात मोडेल. हेच काम बारा घरांनी घेतले आणि चार-चार घरांचे तीन गट केले, तर प्रत्येक गटाची पाळी दहा-अकरा दिवसांनी एकदा येते आणि त्या दिवशी घरटी पंधरा कळशा पडतात. संध्याकाळी तासाभराचे काम! असे तीन उन्हाळे काढले की बहुतेक झाडे स्वतःच्या मुळांवर उभी राहतात.

येथे दोन सूचना मनापासून कराव्याशा वाटतात. पहिली, रोपे घरांच्या नावे वाटू नयेत. ‘हे माझे झाड’ म्हटले की शेजारचे झाड परके होते आणि उत्सर्गाचा हेतूच बुडतो. घरांना झाडे न वाटता दिवस वाटावे. पाळीचा कागद अग्रशाळेच्या भिंतीवर लावावा आणि ज्याची पाळी चुकली त्याला बोल न लावता पुढची पाळी त्याच्याकडून करून घ्यावी.

दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. कळशी कोणाच्या हातची, हे विचारू नये. देवळाच्या आत मानाच्या रांगा असतात, पालखीला खांदा कोणी द्यावा याचे संकेत असतात. बागेत मान एकच, तो पाणी घालणाऱ्याचा. ज्या वाड्याला गावाने आजवर पाळी दिली नाही, त्या वाड्यास आग्रहाने बोलवावे. बागेसाठी केवळ श्रम मागावयाचे आणि फुलांच्या वाट्याच्या वेळी विसरावयाचे, असे जेथे घडेल तेथली बाग पुन्हा ओस पडेल, आणि ते योग्यच होईल.

समारोप

आपल्या तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे मंदिर १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने पुन्हा उभे राहिले आणि त्याच्या अलीकडील जीर्णोद्धाराचे काम पुरे होऊन २०२३ साली ते भाविकांसाठी खुले झाले. दगडाचा जीर्णोद्धार शतकांनी एकदा करावा लागतो. बागेचा जीर्णोद्धार दर आठवड्यास करावा लागतो, आणि त्याला राजाज्ञा लागत नाही, कळशी लागते. येत्या मृगापूर्वी एखाद्या वाड्यावरील बारा घरांनी एकत्र बसून पाळीचा कागद लिहिला, तरी या पाठाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या देवळाच्या बागेत शेवटचे झाड कोणी व केव्हा लावले? ते जगले काय?
२. माटोळीतील किती फळांची नावे घरातील लहान मुलांना सांगता येतात?
३. पाळीच्या कागदावर ज्यांचे नाव घालण्यास आपण कचरतो, ते कोण आणि का?